मेस्काल, तेकीला आणि आपलं घायपात

प्रश्न असा आला आहे: मेस्काल हा तेकीलाचाच प्रकार आहे का, आणि बातम्यांत या दारवांना 'निवडुंगाची दारू' म्हणतात ते बरोबर का?

नातं उलटं आहे. मेस्काल हा आधीचा आणि व्यापक शब्द, तेकीला ही त्यातली एक. मेक्सिकोच्या नावात्ल भाषेत 'मेत्ल' म्हणजे अगावे, आपलं घायपात. ते भाजलं की 'मेश्काल्ली'. स्पॅनिश तोंडी त्याचं मेस्काल झालं. तेकीला हे हालिस्को राज्यातलं गाव. एकोणिसाव्या शतकात तिथल्या दारूला 'विनो मेस्काल दे तेकीला' म्हणत. पुढे 'कोल्हापुरी' म्हटल्यावर 'चप्पल' म्हणायची गरज उरत नाही तसं झालं, आणि गावाचं नावच दारूचं नाव बनलं.

१९७४ पासून या नावाला कायद्याचं कुंपण आहे. निळ्या घायपाताचीच, हालिस्को आणि आणखी चार राज्यांतल्या ठरावीक भागांतली असेल तरच ती तेकीला. मेस्कालला असं संरक्षण नव्वदच्या दशकात मिळालं. तिला घायपाताच्या बऱ्याच जाती चालतात आणि तिचं मोठं केंद्र दक्षिणेकडचं वाहाका राज्य.

'भाजणं' हा अर्थ मेस्कालमध्ये अजून जिवंत आहे. पानं छाटून उरलेला गड्डा (त्याला तिथे 'पिन्या', म्हणजे अननस म्हणतात) तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात मातीखाली काही दिवस भाजतात. मग तो ठेचून, आंबवून तांब्याच्या किंवा मातीच्या भांड्यांत गाळतात. तिचा धुरकट वास त्या खड्ड्यातला. तेकीलासाठी गड्डे सहसा वाफेवर शिजवतात, म्हणून तो वास तिच्यात नसतो.

आता निवडुंग. हे मात्र साफ चूक आहे आणि ते छापून येतं तेव्हा मला फार खटकतं, कारण मराठीत नेमका शब्द असताना आपण परका गोंधळ उचलतो. अगावे ही वनस्पती निवडुंगाच्या कुळातलीच नाही, ती शतावरीच्या कुळातली. आणि आपल्याकडे शेताच्या बांधावर, रेल्वेमार्गाच्या कडेला ती उभी असते. कुणी घायपात म्हणतं, कुणी केकताड. तिच्या पानांच्या वाखाचे दोर वळायचं काम कित्येक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. 'घायपाताची दारू' लिहिलं की वाचकाला झाड डोळ्यांसमोर दिसतं. दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून भारतातही दारू गाळली गेली आहे. तिला तेकीला म्हणता येत नाही, ते वरच्या कुंपणामुळे.

लेखनाबद्दल: मेक्सिकोत 'झेड'चा उच्चार स असतो, म्हणून मेझकाल नको, मेस्काल. 'टकिला' मराठीत रुळलं आहे, पण स्पॅनिश त दंत्य आहे, अगदी आपल्या 'त'सारखा. मी तेकीलाच लिहितो. स्पॅनिशमध्ये दोन्ही शब्द पुल्लिंगी आहेत. मराठीत दारूच्या ओघाने 'ती' म्हणावं.