टार्गेटवर ५० यार्ड जमतात, मग हरणावर किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ६० पौंड ताणाचं कंपाऊंड (कप्प्यांचं धनुष्य), ४०० ग्रेन वजनाचा बाण, क्रोनोग्राफवर (वेगमापकावर) वेग सेकंदाला २७० फूट. फोमच्या टार्गेटवर ५० यार्डांवरून सगळे बाण तळहाताएवढ्या जागेत बसतात. येत्या हंगामात पहिल्यांदाच मचाणावरून व्हाइटटेलची (अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची) शिकार करायची आहे आणि सोबतची मंडळी सांगतात की ५० पर्यंत बिनधास्त सोड.

आधी सरळ उत्तर. पहिल्या हंगामाला २५ यार्ड धरा. हरीण आडवं उभं असेल, मान खाली घालून चरत असेल आणि अंतर मोजलेलं असेल, तर ३०. चाळीसचा विचार दोन-तीन हंगामांनी करू, पन्नासचा व्हाइटटेलवर करूच नका. तुमच्या नेमाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती बाण वाटेत असताना हरीण काय करतं याबद्दल, आणि ते फोमचं टार्गेट कधीच शिकवत नाही.

दोरी सुटली की आवाज बाणाच्या पुढे धावतो. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ११२५ फूट, तुमच्या बाणाचा २७०. म्हणजे आवाज बाणाच्या चौपट वेगाने हरणाच्या कानात पोचतो. व्हाइटटेल दचकलं की लगेच पळत नाही. पळण्यासाठी पायांत जोर घ्यावा लागतो, म्हणून ते आधी पाय मोडून खाली दबतं. छाती खाली जाते आणि बाण पाठीवरून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कण्याच्या वरच्या मांसात घुसतो. असं हरीण लंगडत निघून जातं आणि सापडत नाही.

हे आकड्यांत बघा. आवाज ऐकल्यावर अंग हलायला ०.१ सेकंद लागतो असं धरू आणि त्यानंतर छाती गुरुत्वाकर्षणाने पडेल तेवढीच खाली येते असं मानू. २० यार्डांवर बाणाला ०.२२ सेकंद लागतात, आवाजाला ०.०५. हरणाच्या हातात उरतात जेमतेम ०.०७ सेकंद, तेवढ्यात ते इंचभर दबेल. ३० यार्डांवर बाणाला ०.३३ सेकंद, दबणं साडेचार इंच. ४० यार्डांवर ०.४४ सेकंद, आणि दबणं जवळजवळ ११ इंच. अंतर दुप्पट झालं, दबणं अकरापट. पडण्याचं अंतर वेळेच्या वर्गाने वाढतं, म्हणून पंचवीस-तीसच्या पुढे गणित एकदम बिघडतं. वाटेत बाणाचा वेग कमी होतो तो मी धरलेलाच नाही, म्हणजे प्रत्यक्षात चित्र याहून थोडं वाईटच.

व्हाइटटेलच्या हृदय-फुफ्फुसांची जागा आडव्या अंगावर ८ इंच व्यासाची धरतात. मध्यावर नेम धरला तर वर फक्त ४ इंच जागा. आता वरचे साडेचार आणि अकरा पुन्हा वाचा. याच कारणाने नेम छातीच्या बरोबर मध्यावर न धरता खालच्या एक तृतीयांश भागात, पुढच्या पायाच्या रेषेला लागून धरायचा. हरीण हललं नाही तर हृदय, दबलं तर फुफ्फुसं. पण ही सोय तीस यार्डांपर्यंतच पुरते. ‘चाळीसवर दबेल म्हणून पोटाखाली नेम धरतो’ हा जुगार आहे, कारण दर वेळी हरीण दबतंच असं नाही.

वेग वाढवून हे सुटेल का? थोडं. ३०० फुटांचा बाण ४० यार्डांवर ते दबणं अकरावरून सातावर आणतो. सातही चारपेक्षा जास्तच आहे. शिवाय वेगासाठी बाण हलका केला की धनुष्य जास्त वाजतं आणि बाण आत कमी जातो. डब्यावर छापलेल्या वेगावर तर जाऊच नका. तो ७० पौंड ताण, ३० इंच ओढलेली दोरी आणि ३५० ग्रेनच्या बाणावर मोजलेला असतो. तुमचा ४०० ग्रेनचा बाण योग्य आहे, तो बदलू नका. त्याऐवजी दोरीवर सायलेन्सर लावा, क्विव्हर (धनुष्यावरचा भाता) आणि नेम धरायची साइट यांचे स्क्रू घट्ट करा, बाण टेकतो त्या रेस्टला फेल्ट चिकटवा.

हरणाची मनःस्थिती अंतराइतकीच महत्त्वाची. मान खाली, शेपूट सैल, कान इकडेतिकडे फिरताहेत, तर ते निवांत आहे. मान वर, दोन्ही कान तुमच्याकडे रोखलेले, पुढचा खूर आपटणं चालू, तर त्याच्या अंगात स्प्रिंग भरलेली आहे. असं हरीण २० यार्डांवरही पुरतं दबतं. त्यावर १५-२० पलीकडे बाण सोडू नका, थांबा. बहुतेकदा ते पुन्हा मान खाली घालतं. वारा पडलेल्या, गोठलेल्या सकाळी दोरीचा टणत्कार जास्तच दूर जातो. पानं सळसळत असतील तर तोच आवाज बुडतो.

चालत्या हरणाचा हिशोब वेगळा. सावकाश चालणारं हरीण सेकंदाला साधारण साडेचार फूट सरकतं. २० यार्डांच्या बाणाला जेवढा वेळ लागतो त्यात ते फूटभर पुढे गेलेलं असतं, ३० यार्डांवर दीड फूट. खांद्यामागे धरलेला नेम मग थेट पोटात. तोंडाने ‘मॅऽ’ असा हलका आवाज काढून थांबवता येतं, पण त्या आवाजाने ते सावधही होतं, म्हणून थांबवून सोडायचा बाण २० च्या आतच. आणि आवाज काढण्याआधी दोरी पूर्ण ओढलेली हवी. बरेच नवखे आधी आवाज काढतात, मग ओढायला घेतात, आणि हरीण त्यांच्याकडेच बघत असतं.

आता तुमच्या बाजूच्या चुका. अंतर ५ यार्डांनी कमी धरलं, तर बाण किती खाली लागेल? तुमच्या वेगाला २० ऐवजी २५ असलं तर सुमारे २ इंच, ३० ऐवजी ३५ ला साडेतीन, ४० ऐवजी ४५ ला पाच. वीसवरची चूक पचते, चाळीसवरची पचत नाही. म्हणून मचाणावर बसल्या बसल्या रेंजफाइंडरने चारही बाजूंची झाडं, दगड, ओंडके मोजून ठेवा. २० आणि ३० च्या खुणा डोक्यात पक्क्या करा. हरीण आल्यावर रेंजफाइंडर काढायला ना वेळ असतो ना हालचाल करायची सोय. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका: उघड्या माळावर अंतर कमी भासतं, गर्द झाडीतल्या बोळात जास्त.

मचाणाच्या उंचीची चिंता लोक नको तिथे करतात. २० फूट उंचीवरून २० यार्डांवरच्या जागेपर्यंतची तिरकी रेषा २१ यार्ड भरते. म्हणजे एक यार्डाचा फरक, सोडून द्या. (डोंगरउतारावर मात्र ३० अंशांत ४० यार्ड दाखवले तर ३५ च्या पिनने (साइटमधल्या त्या अंतराच्या खुणेने) मारावं लागतं. तिथे कोन धरणारा रेंजफाइंडर कामाचा.) उंचीची खरी अडचण अगदी जवळ येते. हरीण बुंध्यापासून ५ यार्डांवर असेल तर बाण जवळजवळ ५० अंशांनी खाली जातो, एकच फुफ्फुस भेदतो आणि आरपार गेला नाही तर वरच्या भोकातून रक्त जमिनीवर पडतच नाही. म्हणून कमाल अंतराइतकंच किमान अंतरही ठरवा. १० यार्डांच्या आतलं हरीण दोन पावलं दूर जाऊ द्यावं. खाली मारताना हात नुसता खाली करू नका. बाण आडवा असताना दोरी ओढा, अँकर लावा (हात गालाशी ठरलेल्या जागी टेकवा) आणि मग कमरेतून वाका. नाहीतर अँकर हलतो, पीपमधून (दोरीतल्या बघायच्या भोकातून) दिसणारं बदलतं आणि बाण वर जातो.

स्वतःची मर्यादा कशी काढायची, हे आता. टार्गेटवर बाण किती जवळजवळ बसतात त्या गटावरून नाही. दहाव्या बाणापर्यंत हात गरम झालेला असतो आणि आधीचा बाण चूक दाखवून गेलेला असतो. शिकारीत एकच बाण असतो, तोही तीन तास गारठून बसल्यावरचा. म्हणून हंगामाआधी तीन आठवडे रोज एकच बाण मारा. शिकारीचं जाकीट, हार्नेस, हातमोजे घालून, शक्य तर उंचावरून, खुर्चीत बसून. आधी दहा मिनिटं नुसतं बसा, मग दोरी ओढून पंधरा-वीस सेकंद धरून ठेवा आणि मग सोडा. टार्गेटवर ६ इंच व्यासाची कागदी थाळी लावा. आठ नको, सहाच. उरलेले दोन इंच हरणाच्या हालचालीला आणि अंतराच्या चुकीला राखून ठेवायचे आहेत. आज २०, उद्या ३५, परवा २५, असं अंतर बदलत राहा आणि वहीत टिपा. ज्या अंतरापर्यंत एकही बाण थाळीबाहेर गेला नाही ती तुमची मर्यादा. सरासरी काढू नका, सगळ्यात वाईट बाण बघा. ५० यार्डांवर मूठभर गट मारणाऱ्यांची ही मर्यादा तीस-पस्तीसवर येते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ही चाचणी फील्ड पॉइंटने (सरावाच्या साध्या टोकाने) घेऊन उपयोग नाही. फिक्स्ड ब्लेड ब्रॉडहेड (शिकारीचं, पक्क्या पात्यांचं टोक) धनुष्याच्या ट्यूनिंगमधली, म्हणजे जुळणीतली, बारीक चूक मोठी करून दाखवतो. ३० यार्डांवरून एक फील्ड पॉइंट, एक ब्रॉडहेड असे मारा. दोघांत दोन इंचांहून जास्त फरक पडला तर आधी रेस्ट सरकवून ट्यून करा: ब्रॉडहेड डावीकडे जात असेल तर रेस्ट किंचित उजवीकडे, एका वेळी मिलिमीटरच्या अंशाने. साइट हलवून हा फरक झाकू नका, कारण मग फील्ड पॉइंट चुकायला लागतील आणि मूळ दोष तसाच राहील. सरावाचे ब्रॉडहेड वेगळे ठेवा. शिकारीचे नवे, वस्तऱ्यासारखे.

फांद्यांबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बाण कमानीने जातो. ४० यार्डांच्या नेमाला तो अर्ध्या वाटेवर, म्हणजे २० यार्डांवर, तुमच्या नजरेच्या रेषेपेक्षा ७ इंच वर असतो. नजर मोकळी दिसते आणि बाण वरच्या डहाळीला लागून भरकटतो. तपासायचं असं: ४० ची पिन हरणावर ठेवा आणि २० ची पिन कुठे दिसते ते पाहा. २० यार्डांवरची एखादी डहाळी त्या पिनवर आली तर बाण तिला लागणार. काडीएवढी डहाळीही पुरते.

मर्यादा घरी ठरवायची आणि मचाणावर ती फक्त कमी करायची, वाढवायची नाही. आडव्या वाऱ्याला पाच यार्ड वजा. शेवटच्या दहा मिनिटांच्या प्रकाशात पाच वजा, कारण पीपमधून पिन फुगून दिसते आणि खांदा कुठे, पोट कुठे ते कळत नाही. छाती धडधडतेय, पिन थरथरतेय, तर अंतर काहीही असो, दोरी उतरवा. हरीण तिरपं होऊन पाठ तुमच्याकडे वळवत असेल तर चांगलंच. पलीकडच्या पुढच्या पायावर नेम धरा. तोंड तुमच्याकडे करून तिरपं किंवा समोरासमोर असेल तर पाच यार्डांवरही नको, पुढे खांद्याचं हाड आणि मागे आतडी आहेत.

रिकर्व्ह किंवा लाँगबो (कप्प्यांशिवायची साधी धनुष्यं) वापरणाऱ्यांनी वरचे आकडे तसेच उचलू नयेत. १८० फुटांच्या बाणाला २० यार्डांवर ०.३३ सेकंद लागतात, म्हणजे तुमच्या ३० यार्डांएवढे. म्हणूनच ती मंडळी १५-२० वर थांबतात. उलट ४०० फुटांचा क्रॉसबो ४० यार्डांवर ०.३ सेकंद घेतो. म्हणजे तुमच्या २७ यार्डांएवढा वेळ, पण आवाज बराच मोठा. ‘क्रॉसबो म्हणजे बंदूकच’ हे बोलणं तिथे उघडं पडतं. किमान ताण, ब्रॉडहेडची रुंदी, क्रॉसबोचा हंगाम याचे नियम अमेरिकेत राज्याराज्यात वेगळे आहेत, परवान्याबरोबर मिळणारी पुस्तिका वाचा.

अंतराचा शेवटचा परिणाम बाण लागल्यानंतर दिसतो. २० यार्डांवर बाण कुठे लागला ते डोळ्यांना दिसतं. ४० वर, मावळत्या उजेडात, दिसत नाही, आणि पुढचं सगळं त्यावरच अवलंबून असतं. उजेड देणारा नॉक (बाणाच्या शेपटाची दोरीत बसणारी खाच) लावा. हरीण शेवटचं कुठे दिसलं तिथलं एक झाड लक्षात ठेवा, आधी बाण शोधा. फेसाळ गुलाबी रक्त असेल तर फुफ्फुसं, अर्धा तास थांबून मागावर जा; अशी हरणं बहुतेकदा शंभरेक यार्डांत पडलेली असतात. काळपट लाल रक्त म्हणजे यकृत, चार ते सहा तास थांबा. बाणाला हिरवट घाण आणि वास म्हणजे आतडी, आठ ते बारा तास. घाईने मागे गेलात तर बसलेलं हरीण उठतं आणि रक्ताचा थेंबही न सांडता मैलभर जातं. पाऊस येण्याची चिन्हं असतील तर हा थांबायचा वेळ मिळणार नाही, माग धुऊन जाईल. त्या संध्याकाळी तुमची मर्यादा १५-२० यार्ड.