चौघींचे घर, एकच करार

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या अर्बाना आणि शॅम्पेन या जुळ्या गावांतून किंवा त्या गावांविषयी आली आहेत. शिकागोच्या दक्षिणेला, गाडीने दोन-सव्वादोन तासांवर असलेली ही गावे इलिनॉय विद्यापीठाभोवतीच वाढली आहेत. मी विद्यार्थिनी म्हणून आणि पुढे नोकरीनिमित्त तिथे राहिले आहे, त्यामुळे या वेळचे सदर मी याच एका विषयाला देत आहे.

प्रश्न: माझ्या मुलीला अर्बाना-शॅम्पेन येथे कॉम्प्युटर सायन्सच्या एम.एस.साठी प्रवेश मिळाला असून ती ऑगस्टमध्ये जाणार आहे. व्हॉट्सॲपच्या गटावर ओळख झालेल्या आणखी तिघींबरोबर तिने चार बेडरूमचे अपार्टमेंट पाहिले आहे. फोटो छान आहेत आणि भाडेही आवाक्यातले वाटते. घरमालक कंपनीने चौघींसाठी मिळून एकच करार पाठवला असून तीन दिवसांत सही करण्यास सांगितले आहे. अमेरिकेतला जामीनदार हवा आहे आणि न्यू जर्सीत राहणारा माझा मावसभाऊ त्यासाठी तयार आहे. सही करावी का? (एक आई, सांगली)

उत्तर: सही करूच नये असे मी म्हणणार नाही, परंतु करारातला एक परिच्छेद वाचल्याशिवाय ती करू नये. चौघींचा मिळून एकच करार असतो तेव्हा त्यात 'जॉइंटली अँड सेव्हरली' हे शब्द बहुधा असतात. त्यांचा अर्थ असा की, संपूर्ण भाड्याची जबाबदारी चौघींची एकत्रितपणे आहे आणि शिवाय प्रत्येकीची स्वतंत्रपणेही आहे. समजा, एकूण भाडे महिना २,८०० डॉलर आहे आणि प्रत्येकीच्या वाट्याला ७०० डॉलर येतात. चौघींपैकी एकीला व्हिसा मिळाला नाही किंवा एका सत्रानंतर ती दुसऱ्या विद्यापीठात गेली, तर कंपनी त्या मुलीच्या मागे लागत बसत नाही. ती उरलेल्या तिघींकडून २,८०० डॉलरच मागते आणि करारानुसार तसा तिला हक्क असतो. तिघींपैकी दोघींनी हात वर केले, तर सगळी रक्कम आपल्या मुलीकडेही मागता येते. ज्या मुली एकमेकींना अजून प्रत्यक्ष भेटलेल्या नाहीत, त्यांनी एकमेकींच्या वर्षभराच्या भाड्याची हमी घ्यावी असे हा कागद म्हणतो. आपल्याकडे सख्ख्या भावाच्या कर्जाला जामीन राहतानाही माणूस दहा वेळा विचार करतो, म्हणून मला ही गोष्ट इतक्या तपशिलाने सांगावीशी वाटते.

याला पर्याय आहे. याच गावात अनेक इमारतींमध्ये प्रत्येक बेडरूमचा स्वतंत्र करार मिळतो, त्याला तिथे 'इंडिव्हिज्युअल लीज' म्हणतात. त्यात मुलीची जबाबदारी तिच्या खोलीच्या भाड्यापुरती राहते. त्याचे भाडे बहुधा थोडे अधिक असते आणि एखादी खोली रिकामी झाली तर कंपनी तिथे अनोळखी व्यक्तीला आणू शकते, त्यामुळे रूममेट मुलगीच असेल हे करारात लिहून घ्यावे. माझे मत विचाराल, तर पहिल्या वर्षी थोडे अधिक भाडे देऊन स्वतंत्र करार घ्यावा आणि वर्षभर एकत्र राहून पारख झाल्यावर, हव्या त्या मैत्रिणींबरोबर एकत्रित करार करावा.

आपल्या मावसभावाविषयी अधिक काळजीने लिहिते. एकत्रित करारात जामीनदाराची हमी काही वेळा एका मुलीपुरती नसून संपूर्ण भाड्यासाठी असते आणि हे बारीक अक्षरांतच लिहिलेले असते. त्यांनी जामीन राहायचे ठरवले, तर हमी फक्त आपल्या मुलीच्या हिश्श्यापुरती आणि फक्त या एका वर्षापुरती असल्याचे लेखी घ्यावे, कारण नूतनीकरणानंतरही हमी चालू राहील असे वाक्य मी स्वतः वाचलेले आहे. कंपनी हे मान्य करत नसेल, तर जामिनाऐवजी काही महिन्यांचे भाडे आगाऊ भरण्याची सोय आहे का, हे विचारावे. भारतातून नुकत्याच येणाऱ्या विद्यार्थ्यांचा अमेरिकेत क्रेडिटचा इतिहासच नसतो, हे कंपन्यांना ठाऊक असते आणि अनेकदा त्यावर काही मार्ग काढला जातो.

तीन दिवसांच्या घाईबद्दल सांगायचे, तर ती पूर्णपणे खोटी नाही. विद्यापीठाजवळच्या चांगल्या इमारतींत पुढल्या ऑगस्टसाठीचे करार आदल्या शरद ऋतूपासूनच होऊ लागतात, आणि आपल्या मुलांच्या हाती प्रवेशपत्र येते ते फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान. तरीही त्या वेळी घरे शिल्लक असतात आणि मेपर्यंत मिळत राहतात. विद्यापीठाचे 'ऑफ-कॅम्पस कम्युनिटी लिव्हिंग' हे कार्यालय विद्यार्थ्यांचे भाडेकरार वाचून त्यातल्या खाचाखोचा विनामूल्य समजावून सांगते आणि कोणत्या घरमालकाविरुद्ध तक्रारी आल्या आहेत, याचीही नोंद ठेवते. मुलीने त्यांना आजच करार पाठवावा. उन्हाळ्याच्या वेळेनुसार तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, त्यामुळे सांगलीहून रात्री आठ वाजता पाठवलेला ईमेल तिथे सकाळी साडेनऊला, कार्यालय उघडलेले असताना पोहोचतो. दोन दिवसांची मुदतवाढ मागितल्यावर जी कंपनी ती देत नाही, ती जानेवारीत हीटर बंद पडल्यावर कशी वागेल याचा विचार आपणच करावा.

जागेविषयीही थोडे लिहिते. राइट स्ट्रीट या रस्त्याच्या पश्चिमेला शॅम्पेन आणि पूर्वेला अर्बाना आहे. ग्रीन स्ट्रीटच्या शॅम्पेनकडच्या भागात दुकाने, खाणावळी आणि उंच नव्या इमारती आहेत, आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री गोंगाट असतो. कॉम्प्युटर सायन्सचे सीबेल सेंटर अर्बानाच्या बाजूला गुडविन ॲव्हेन्यूवर आहे, त्यामुळे आपल्या मुलीला ग्रीन स्ट्रीटच्या गजबजाटाचे भाडे भरण्याचे काहीच कारण नाही. अर्बानातील शांत रस्त्यांवर, पायी पंधरा मिनिटांच्या आत तिला घर मिळू शकते. थोडे लांब घ्यायचे झाल्यास बस आहे. एमटीडीच्या बसमध्ये विद्यापीठाचे ओळखपत्र दाखवल्यावर विद्यार्थ्यांकडून तिकीट घेतले जात नाही. मात्र नकाशावर अंतर पाहताना रात्री उशिरा आणि रविवारी त्या मार्गावर बस किती वेळाने येते, हे अवश्य पाहावे, कारण जानेवारीत रात्रीचे तापमान शून्याखाली आठ-दहा अंश ही तिथे नित्याची गोष्ट आहे आणि थंडीची लाट आली की पारा उणे वीसपर्यंतही उतरतो. अशा हवेत थांब्यावर उभे राहावे लागते तेव्हा भाड्यातली बचत फार लहान वाटते.

याच थंडीमुळे 'भाड्यात हीटिंग धरले आहे का?' हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. जुन्या इमारतींत भिंतीच्या पायथ्याशी लावलेले विजेचे हीटर असतात आणि त्यांचे बिल भाडेकरू भरतो. तसे असेल तर सध्याच्या भाडेकरूंकडून जानेवारी आणि फेब्रुवारीची बिले मागवून घ्यावीत आणि ती रक्कम मिळवूनच दोन घरांच्या भाड्याची तुलना करावी. फोटो बहुतेकदा नमुन्याच्या सजवलेल्या घराचे असतात. त्यामुळे आपल्या मुलीला ज्या क्रमांकाचे घर मिळणार आहे, त्याच घराचा व्हिडिओ मागावा किंवा तिथल्या एखाद्या सीनियरला जाऊन पाहायला सांगावे, आणि पाहणाऱ्याने शेगडीवरचा पंखा लावून त्याची हवा बाहेर जाते की गाळणीतून पुन्हा खोलीतच येते, हे तपासावे. हवा आतच फिरत असेल, तर मोहरी-हिंगाची पहिली फोडणी पडताच धुराचा अलार्म वाजू लागतो आणि मग मुले त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधतात. असे करणे धोक्याचे आहे आणि त्याबद्दल दंडही होतो.

शेवटी तारखा. विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीस दिवस अमेरिकेत प्रवेश करता येतो, तेव्हा त्याहून आधी सुरू होणाऱ्या कराराचे भाडे वाया जाते. उलट करार विमान पोहोचल्यानंतर चार दिवसांनी सुरू होत असेल, तर त्या चार रात्रींची सोय आत्ताच ठरवून ठेवावी.

प्रश्न: मी सध्या शॅम्पेनमध्ये शिकतो. मला मे ते ऑगस्ट सिॲटलमध्ये इंटर्नशिप मिळाली आहे, पण घराचा करार बारा महिन्यांचा असून तो ऑगस्टच्या सुरुवातीला संपतो. खोली दुसऱ्याला देऊन जावे म्हणतो. एका मुलाने तोंडी होकारही दिला आहे. काय काळजी घ्यावी? (एक विद्यार्थी)

उत्तर: आधी घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि मग त्या मुलाशी पुढचे बोलावे. सबलेट केल्याने आपला मूळ करार संपत नाही. तो मुलगा जूनचे भाडे न देता निघून गेला किंवा त्याने दरवाजा फोडला, तर घरमालक आपल्यालाच विचारेल. त्याच्याशी लेखी करार करावा, त्याच्याकडून डिपॉझिट घ्यावे आणि किल्ली देण्यापूर्वी खोलीचे फोटो काढावेत. कंपनी नव्या माणसाशी थेट करार करून आपल्याला लेखी मोकळे करत असेल, तर त्यासाठी थोडे शुल्क भरावे लागले तरी तो मार्ग अधिक सुरक्षित आहे.

भाड्याच्या बाबतीत मात्र मोठी अपेक्षा ठेवू नये. मे महिन्यात निम्मे गाव रिकामे होते आणि सबलेटच्या जाहिराती घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. निम्मे भाडे मिळाले तरी समाधान मानावे. उन्हाळी सत्राला थांबणारे आणि विद्यापीठाच्या रिसर्च पार्कमधल्या कंपन्यांत उन्हाळी काम करणारे विद्यार्थी हे आपले खरे गिऱ्हाईक आहे, त्यांच्यापर्यंत मार्चच्या आधीच पोहोचावे. आणि उद्या आपण स्वतः सबलेट घेत असाल, तर समोरच्याचा मूळ करार आणि घरमालकाची परवानगी पाहिल्याशिवाय, तसेच व्हिडिओ कॉलवर ती खोली त्या क्षणी पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नये.

प्रश्न: घर सोडल्यावर डिपॉझिट पूर्ण परत मिळत नाही, असे सगळेच सांगतात. यात खरोखर काही करता येते का? (एक विद्यार्थिनी, अर्बाना)

उत्तर: करता येते, पण ते घर सोडताना नव्हे, तर घरात पाऊल टाकता त्या दिवशी. माझ्या पहिल्या घराचे डिपॉझिट मी जवळजवळ निम्मे गमावले. घरमालकाने पाठवलेल्या यादीत गालिचाची सफाई होती, भिंतीवरचा एक डाग होता आणि शेगडीच्या कॉइलखाली बसणाऱ्या पत्र्याच्या चार उथळ वाट्या होत्या. त्या वाट्या जळून काळ्या पडल्या होत्या हे खरे, आणि त्यात आमच्या पिठल्याचा वाटा होता हेही खरे, पण गालिचावरचा डाग आम्ही येण्याआधीचा होता. ते सिद्ध करायला माझ्याकडे एकही फोटो नव्हता, म्हणून मी गप्प बसले. ती हळहळ अजून गेलेली नाही, आणि म्हणूनच मी प्रत्येक विद्यार्थ्याला हे सांगत असते की, सामान आत आणण्यापूर्वी रिकाम्या घराचा व्हिडिओ घ्यावा, ओव्हन, फ्रीज आणि कपाटांची दारे उघडून आतले फोटो काढावेत, कंपनीचा तपासणीचा तक्ता मुदतीत भरून द्यावा आणि हे सगळे त्याच दिवशी कंपनीला ईमेलने पाठवून ठेवावे, म्हणजे तारखेचा वाद उरत नाही.

कायदाही आपल्या बाजूला आहे. पाच किंवा अधिक घरे असलेल्या इमारतीच्या मालकाला नुकसानीपोटी डिपॉझिटमधून काही कापायचे असेल, तर इलिनॉयच्या कायद्यानुसार घर सोडल्यापासून ३० दिवसांत खर्चाची तपशीलवार यादी द्यावी लागते. ती दिली नाही, तर ४५ दिवसांत संपूर्ण रक्कम परत करावी लागते. मालकाने वाईट हेतूने हे टाळले असे न्यायालयाला आढळले, तर डिपॉझिटच्या दुप्पट रकमेचा आदेश होऊ शकतो. नेहमीच्या वापराने झालेली झीज हे नुकसान नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. घर सोडताना नवा पत्ता घरमालकाला लेखी कळवावा, म्हणजे यादी किंवा धनादेश जुन्या दारात पडून राहणार नाही. तोच पत्ता दहा दिवसांच्या आत विद्यापीठाकडेही नोंदवावा, कारण विद्यार्थी व्हिसाचा तसा नियम आहे. आणि शेगडीखालच्या त्या चार वाट्या हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशांत नव्या मिळतात. किल्ली परत करण्याच्या आदल्या दिवशी त्या बदलून ठेवाव्यात.