निर्णय त्यांचा, तयारी आपली

अनेक आशीर्वाद.

वाहतूक कंपनीसाठी तुमची टीम जे सॉफ्टवेअर बनवते, त्याबद्दलची तुझी मेल सावकाश वाचली. प्रॉडक्ट ओनर मॅडम, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणाऱ्या, वेळ देत नाहीत, स्टोरी (एकेका मागणीचं छोटं टिपण) अर्धवट लिहून पाठवतात आणि स्प्रिंट, म्हणजे कामाचा दोन आठवड्यांचा टप्पा, निम्मा झाला की मत बदलतात, या तुझ्या तिन्ही तक्रारी खऱ्या असतील. पण त्याच मेलमध्ये तू जाता जाता एक वाक्य लिहिलं आहेस, की मॅडम त्या वाहतूक कंपनीच्या ऑपरेशन्स सांभाळतात आणि ते काम अजूनही त्यांच्याकडेच आहे. माझं सगळं लक्ष त्या वाक्याकडे गेलं.

त्यांचा दिवस कसा जात असेल? वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला ऑफिस, भिवंडीला गोदाम. मुंबईत गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी, म्हणून गाड्यांची खरी हालचाल संध्याकाळनंतर. बिल्टी (मालाची पावती) सापडत नाही, गाडी घाटात बंद पडली, पार्टी माल उतरवून घ्यायला तयार नाही, हे सगळे फोन त्यांनाच. महिनाअखेर आली की बिलिंग. यातून उरलेल्या वेळात त्यांनी तुमचा बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, लावायचा, आधी काय आणि नंतर काय ते ठरवायचं, प्रत्येक स्टोरी कधी पूर्ण मानायची ते लिहायचं, आणि वर कंपनीच्या मालकांना उत्तरं द्यायची. तुम्ही विक्रोळीत अख्खी टीम एका कामावर पूर्णवेळ बसला आहात. समोर त्या एकट्या, आणि त्याही अर्ध्या वेळेच्या.

हे दुखणं आजचं नाही. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत जिथे आकाराला आली, तो क्रायस्लर कंपनीचा पगारपत्रकाचा प्रकल्प, सी-थ्री. १९९६ मध्ये ही पद्धत मांडणारे केंट बेक त्यात आले. ग्राहकाच्या बाजूचा माणूस टीमबरोबरच बसला पाहिजे, हा आग्रह या पद्धतीने धरला. १९९७ मध्ये सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांचे पगार नव्या प्रणालीतून निघू लागले. त्यानंतर काही महिन्यांनी ग्राहकाच्या वतीने बसणाऱ्या व्यक्तीने ताण असह्य होऊन काम सोडलं आणि तिच्या जागी तसं दुसरं कुणी मिळालं नाही. फेब्रुवारी २००० मध्ये प्रकल्प बंद झाला. बंद पडण्याची कारणं एकापेक्षा जास्त असतील, पण मला त्या रिकाम्या खुर्चीचं महत्त्व मोठं वाटतं. प्रोग्रॅमरनी आठवड्याला चाळीस तासच काम करावं, असा दंडक त्याच पद्धतीत होता. तो ग्राहकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचला नाही.

पुढे न्यूझीलंडमधल्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनच्या संशोधकांनी या भूमिकेचा अभ्यास केला. २००४ मध्ये त्यांनी मांडलं की पद्धत फळं उत्तम देते, पण ग्राहकाच्या भूमिकेतल्या माणसावर येणारा भार फार काळ पेलण्यासारखा नाही आणि त्यातच प्रकल्पाला धोका आहे. म्हणून तुला आधीच सांगते, मॅडमचं थकणं हा त्यांचा खाजगी प्रश्न नाही. तो तुमच्या बॅकलॉगमधला सगळ्यात वरचा धोका आहे.

मग टीमने करायचं काय? तुम्ही ज्या स्क्रम पद्धतीने काम करता, तिच्या नियमपुस्तिकेच्या, म्हणजे स्क्रम गाइडच्या, २०२० च्या आवृत्तीत एक मुभा स्पष्ट दिली आहे. प्रॉडक्ट ओनरने आपलं काम दुसऱ्याकडे सोपवलं तरी चालतं, उत्तरदायित्व मात्र त्याच व्यक्तीचं राहतं. या मुभेचा फायदा फारशा टीम घेत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. स्टोरी लिहिणं, आकडे गोळा करणं, पर्याय मांडणं, नियम वाचून ठेवणं, हे सगळं टीम करू शकते. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, तेवढं मॅडमनी ठरवावं.

पहिलं काम, भिवंडीला जा. डेमो द्यायला नको, फोटो काढायला तर नकोच. टीममधल्या दोघांनी संध्याकाळी सहा ते दहा डिस्पॅचच्या टेबलाशेजारी गप्प बसायचं आणि बघायचं. गाडी लागल्यापासून सुटेपर्यंत किती कागद होतात, कुठली नोंद वहीत होते आणि कुठली फक्त व्हॉट्सॲपवर राहते, वराईचे (माल चढवण्या-उतरवण्याचे) पैसे कोण कुणाला देतं आणि त्यावरून वाद कधी होतो. तुमच्या स्क्रीनवर ‘इतर खर्च’ असा एकच रकाना आहे असं तू लिहिलंस. वराई आणि हॉल्टिंग (गाडी खोळंबल्याचा आकार) एकाच रकान्यात टाकलं, तर पार्टीकडून नेमकं काय वसूल करायचं हे बिलिंगवाल्याला कळणारच नाही. हे मॅडमनी स्टोरीत लिहिलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ते सांगण्यासारखं नव्हतंच. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट माणूस लिहून देत नाही. ती आपण जाऊन बघायची असते.

दुसरं, त्यांच्या धंद्याचे जे नियम सरकारी कागदावर छापलेले आहेत, ते त्यांना विचारू नका. स्वतः वाचा. तुझंच उदाहरण घेते. मॅडमची स्टोरी एका ओळीची आहे: ‘ई-वे बिल संपत आलं की कळवा.’ तू म्हणतोस, ही काय स्टोरी झाली? ई-वे बिल म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन दाखला. आता त्याचा नियम बघ. साध्या मालाच्या गाडीला दर २०० किलोमीटरला, किंवा त्याच्या भागाला, एक दिवसाची मुदत मिळते. १ जानेवारी २०२१ पूर्वी हाच आकडा १०० होता. समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमण्याहून नागपूर ७०१ किलोमीटर, म्हणजे चार दिवस. मुदत संपते मध्यरात्री, आणि ती वाढवून घेता येते संपण्याच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत. म्हणजे दुपारी चारपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत.

तुम्ही चोवीस तास आधी सूचना द्यायचं ठरवलं होतं. त्या वेळी मुदत वाढवताच येत नाही, म्हणजे सूचना आली तरी हाती करण्यासारखं काही नसेल आणि चार दिवसांत माणसं ती वाचणंच बंद करतील. दुपारी चारला दिली तर उपयोगाची. ती दिवसपाळीच्या माणसाला जाईल की रात्रपाळीच्या, एवढाच प्रश्न मॅडमसाठी उरतो. त्या एका ओळीच्या स्टोरीतलं नव्वद टक्के काम त्यांचा एक मिनिटही न घेता होऊ शकलं असतं.

तिसरं, प्रश्न विचारण्याची पद्धत. जिरावर, म्हणजे कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरवर, ‘प्लीज क्लॅरिफाय’ लिहून स्टोरी त्यांच्या नावावर ढकलणं मला अजिबात आवडत नाही. त्याने आपल्या बोर्डावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं, पण काम तिथेच पडून राहतं. प्रश्न असा पाठवा की वडाळा स्टेशनवर हार्बरची गाडी येईपर्यंत उभ्या उभ्या उत्तर देता येईल. साधारण असा:

‘मॅडम, ई-वे बिलाची सूचना. पर्याय अ: दुपारी चारला फक्त डिस्पॅचच्या स्क्रीनवर, दोन दिवसांचं काम. पर्याय ब: स्क्रीनवर आणि ड्रायव्हरला एसएमएससुद्धा, पाच दिवसांचं काम, आणि ड्रायव्हरांचे चालू नंबर तुमच्याकडून लागतील. आमचं मत अ, कारण मुदत वाढवण्याचं काम डिस्पॅचच करतं. गुरुवारी दुपारपर्यंत कळवा. तोवर अ धरून सुरुवात करतो, पुढे ब हवा असला तरी हे काम वाया जात नाही.’

यात पर्याय आहेत, प्रत्येकाची किंमत आहे, तुमचं मत आहे, मुदत आहे आणि उत्तर नाही आलं तर काय होईल तेही आहे. असे प्रश्न दिवसभर सुटे सुटे पाठवू नका. दिवसातली एक वेळ त्यांनाच विचारून ठरवा आणि तेव्हा एकत्र पाठवा. महिनाअखेर आणि नंतरचे पहिले चार-पाच दिवस त्यांच्याकडे काहीच मागू नका, त्या काळात लागणारे निर्णय वीस-बावीस तारखेलाच घेऊन ठेवा. आणि त्यांनी फोनवर जे ठरवलं ते त्याच दिवशी दोन ओळींत लिहून त्यांना परत पाठवा. ‘मी असं म्हटलं नव्हतं’ आणि ‘तुम्ही असंच म्हटलं होतं’ यात चांगली नाती खराब होताना मी पाहिली आहेत.

रिफाइनमेंटला, म्हणजे पुढच्या स्टोरी आधीच नीट करून ठेवायला, वेळ नाही, असं तुझा टेक लीड म्हणतो. स्क्रम गाइडच्या जुन्या आवृत्त्यांत टीमच्या क्षमतेच्या साधारण १० टक्क्यांपर्यंत वेळ यावर जाईल असं म्हटलं होतं, २०२० मध्ये तो आकडा काढला. माझ्या मते तुमच्यासारख्या टीमने तो अजून धरून ठेवावा. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये माणशी एक दिवस. त्या दिवसात स्टोरी तुम्ही लिहा, खऱ्या गाडीचं, खऱ्या अंतराचं, खऱ्या रकमेचं उदाहरण घालून. कोऱ्या कागदावर लिहायला सांगितलं की कामात बुडालेला माणूस टाळाटाळ करतो. लिहिलेलं चुकीचं असेल तर तोच माणूस लगेच सांगतो, ‘अहो, असं नसतं.’

आता मत बदलण्याबद्दल. मॅडमचं मत बदलतं असं तुला वाटतं. मला वाटतं, स्क्रीन हातात आल्यावर त्यांना ती गोष्ट पहिल्यांदा दिसते. तुम्ही ती स्प्रिंटच्या शेवटी, रिव्ह्यूच्या दिवशी दाखवता, म्हणून उशीर होतो. तिसऱ्या दिवशी अर्धवट चालणारं दाखवा, फोनवर स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवलं तरी पुरे. स्प्रिंटचं उद्दिष्ट एका वाक्यात भिंतीवर लावा. त्याला धक्का लागत नसेल तर तपशील बदलू द्या, धक्का लागत असेल तर काय मागे पडेल ते त्याच दिवशी सांगा. वाईट बातमी बुधवारी कळली तर मॅडमना मालकांशी बोलायला वेळ मिळतो. शुक्रवारी रिव्ह्यूत सगळ्यांसमोर कळली तर त्यांचा अपमान होतो, आणि पुढच्या वेळी त्या तुमच्या बाजूने उभ्या राहणार नाहीत.

तांत्रिक कामासाठीही त्यांच्या भाषेत बोला. ‘रिफॅक्टरिंगला (आतला कोड नीट लावायला) एक स्प्रिंट द्या’ म्हटलं की त्यांनी हो म्हणावं तरी कशाच्या आधारावर? ‘भाड्याचे दर सध्या सात ठिकाणी लिहिले आहेत, डिझेल वाढलं की दर बदलायला आम्हाला आठवडा लागतो, हे काम केलं तर तुम्ही स्वतः एका स्क्रीनवरून बदलाल.’ हे त्यांना मालकांपुढे जसंच्या तसं सांगता येईल. मालकांपुढे त्यांना एकटं सोडू नका. रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी एक पान तयार करून द्या: काय झालं, काय राहिलं, का राहिलं. मालकांनी परस्पर फोन करून तुला एखादं काम सांगितलं, तर ते मॅडमकडेच पाठव. प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे, आणि तिच्या निर्णयाचा मान सगळ्या संस्थेने राखायचा असतो. सुरुवात टीमपासून होते.

एक मात्र सांभाळ. तयारी करता करता त्यांच्या वतीने निर्णय घ्यायची सवय लागते, हुशार टीमना तर फार लवकर. ‘त्यांना काय विचारायचं, आपल्याला माहीत आहेच’ असं ज्या दिवशी म्हणाल, त्या दिवशी थांबा. त्या सांगतील त्याला माना डोलावणं हेही साहाय्य नव्हे. एखादी मागणी खर्चाच्या मानाने फारच कमी उपयोगाची वाटली, तर आकड्यानिशी तसं सांगा. काय बनवायचं नाही हे ठरवायला मदत करणं, याला मी टीमच्या सगळ्यात मौल्यवान कामांत धरते.

एवढं सगळं करूनही मॅडमना वेळ नाहीच मिळाला, तर त्यांच्या मागे तक्रार करू नका. त्यांनाच विचारा, ‘आपण दोघं मिळून मालकांशी बोलू या का? डिस्पॅचचं रोजचं काम तुमच्याकडून कुणी घेऊ शकेल का?’ दर आठवड्याला किती प्रश्न किती दिवस थांबले याची साधी यादी सोबत ने. मालकांना भाडं न मिळवता उभी राहिलेली गाडी समजते, तशी थांबलेली टीमही समजेल.

सध्या एवढंच कर: वराई आणि हॉल्टिंगची स्टोरी भिवंडीला जाऊन आल्यावर उदाहरणांसकट लिही आणि मॅडमना द्यायच्या आधी मला पाठव. रविवारी बसून वाचते आणि शंका लिहून सोमवारी सकाळी परत करते.

तुझी,
ताई