मालवाहू विमानं रात्रीच का उडतात, आणि भारतात अशा कंपन्या इतक्या कमी का?

पुण्यात संध्याकाळी दिलेलं पाकीट दुसऱ्या दिवशी दुपारी कोलकात्याला मिळालं, ते नेमकं कोणत्या विमानाने गेलं आणि मालवाहू कंपन्या आपल्याकडे मोजक्याच का, असं तुम्ही विचारलं आहे. मी मुंबई विमानतळावर नऊ वर्षं रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करून भरतात त्या जागी, रात्रपाळी केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माल प्रवासी विमानाच्या पोटातूनही जातो. आम्ही त्याला बेली म्हणतो. पण तिथे प्रवाशांच्या बॅगांचा मान पहिला, जागा उरली तर माल. शिवाय वेळापत्रक प्रवाशांच्या सोयीचं. पाकिटाचं तसं नसतं. दिवसभर ते तयार होतं, संध्याकाळी गोळा होतं आणि सकाळी पोहोचावं लागतं. हातात राहते फक्त रात्र.

हे गणित फेडेक्सने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सोडवलं. 17 एप्रिल 1973 रोजी अमेरिकेतल्या मेम्फिसहून 14 छोट्या जेट विमानांनिशी त्यांनी काम सुरू केलं. पहिल्या रात्री 25 शहरांसाठी पाकिटं होती फक्त 186. सगळा माल रात्री एका ठिकाणी आणायचा, वाटणी करायची आणि उजाडायच्या आत रवाना करायचा, ही त्यांची पद्धत.

आपल्याकडे ब्लू डार्ट 1983 मध्ये मुंबईत सुरू झाली. तुषार जानी, क्लाइड कूपर आणि खुशरू दुबाश हे तिघे संस्थापक. आधी माल दुसऱ्यांच्या विमानांतून जायचा. 1996 मध्ये त्यांनी स्वतःची बोइंग 737-200 मालवाहू विमानं उडवली. माझ्या मते आपल्या कुरिअर धंद्यातलं सगळ्यात धाडसाचं पाऊल तेच, कारण त्यामुळे वेळ त्यांच्या हातात आली. पुढे 757-200 आली, 2004 मध्ये बहुतांश हिस्सा जर्मन कुरिअर कंपनी डीएचएलने घेतला, आणि अलीकडे 737-800 सुद्धा ताफ्यात आली.

आता विमान भरतात कसं ते पाहा. 757 मालवाहूत खुर्च्या नाहीत, खिडक्या बुजवलेल्या, जमिनीवर रोलर. डाव्या बाजूला पुढे मोठा दरवाजा. हाय-लोडरने, म्हणजे माल दरवाजापर्यंत उचलणाऱ्या यंत्राने, कंटेनर वर चढवला की आतली माणसं तो हातांनी ढकलत शेपटीकडे नेतात आणि लॉक लावतात. पहिले कंटेनर मागे गेल्यावर शेपूट जड होते, म्हणून शेपटीखाली टेकू द्यावा लागतो, नाहीतर नाक वर उचललं जायचं. टेकू काढल्याशिवाय विमान हलवायचं नाही, हे नव्या पोरांना मी पहिल्याच रात्री सांगायचो. प्रत्येक कंटेनरचं वजन आणि जागा लोडशीटवर, म्हणजे विमानातल्या वजनाच्या तक्त्यावर, जुळलीच पाहिजे. पावसाळ्यात ओल्या डॉलीवरून (कंटेनर वाहायची गाडी) कंटेनर सरकवताना बोटं सांभाळावी लागतात. आणि घड्याळ थांबत नाही. मुंबईत 20 मिनिटं गेली, तर पुढच्या शहरात ट्रक ताटकळतात.

कंपन्या कमी असण्याचं मूळ कारण मला एकच दिसतं. प्रवासी गेला की बहुधा परत येतो, माल परत येत नाही. जाताना भरलेलं विमान येताना अर्धं रिकामं, इंधन मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढंच. त्यात बेलीची स्पर्धा. प्रवासी विमान तसंही उडणारच असतं, म्हणून तिथली जागा स्वस्तात विकणं परवडतं. एअर डेक्कनवाले कॅप्टन गोपीनाथ यांनी 2009 मध्ये डेक्कन 360 ही मालवाहू कंपनी काढली, हब, म्हणजे माल एकत्र आणून वाटायचं ठिकाण, नागपूरला. नकाशावर याहून चांगली जागा सापडणार नाही. एअरबस ए310 आणि एटीआर विमानं होती. तरी 2011 मध्ये सेवा बंद पडली. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, मेम्फिससारखं काहीतरी विदर्भात उभं राहील अशी आशा होती. पण हब देशाच्या मध्यावर असलं तरी रोज रात्री विमान भरेल इतका माल दोन्ही दिशांनी लागतोच.

तुमच्या पाकिटाचं म्हणाल तर असं झालं असणार: संध्याकाळी ते पोत्यात गेलं, द्रुतगती मार्गाने ट्रकमधून मुंबईला आलं, कट-ऑफच्या, म्हणजे माल घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या, आधी कंटेनरमध्ये बसलं आणि पहाटे कोलकात्याला उतरलं. उरलेला वेळ गेला तो वाटणीत आणि तिथल्या ट्रॅफिकमध्ये.