वाचक विचारतात : जेट्सन्स पुन्हा पाहताना

(मालवणच्या निवृत्त चित्रकला शिक्षिका या सदरात जुन्या कार्टून आणि चित्रपटांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : बाई, कुडाळला केबल आली तेव्हा माझा मुलगा ‘द जेट्सन्स’ हे भविष्यातल्या एका कुटुंबाचं अमेरिकन कार्टून बघायचा, आणि त्याच्या शेजारी बसून मीही. आता तो अमेरिकेत असतो. यंदा गणपतीला येताना त्यानं पहिल्या सीझनच्या डीव्हीडी आणल्या. नातवाला घेऊन मोठ्या हौसेनं बसलो, तर तो म्हणाला, “आजोबा, हे अडकतंय का?” मलाही चित्र अडखळल्यासारखं वाटलं. माणसं उभ्या उभ्या नुसती बोलतात. पूर्वीही असंच होतं की डिस्क खराब आहे?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : डिस्क चांगली आहे. मालिका काढलीच आहे तशी. नातवाची नजर पक्की आहे, हे त्याला माझ्या वतीनं सांगा.

फिल्म सेकंदाला 24 चौकटींनी पळते. जेट्सन्सचा एक भाग साधारण 25 मिनिटांचा, म्हणजे 36,000 चौकटी. एकेक चित्र दोन-दोन चौकटींना पुरवलं तरी 18,000 चित्रं लागणार, तीही पडद्यावर एकच पात्र असेल तर. आणि पुढच्या आठवड्याला नवा भाग तयार हवा. जेट्सन्सचे कर्ते विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा एमजीएम या हॉलीवूडच्या स्टुडिओत टॉम आणि जेरी काढत होते तेव्हा छोट्याशा फिल्मलाही भरपूर वेळ आणि माणसं मिळत. त्या मांजर-उंदरांनी सात ऑस्कर मिळवले. 1957 मध्ये एमजीएमनं कार्टूनचा विभागच बंद केला आणि दोघं टीव्हीकडे वळले. तिथं पैसा थोडा आणि वेळ त्याहून थोडा.

मग त्यांनी चित्रं वाचवायची पद्धत बसवली. पारदर्शक शीटवर धड एकदाच काढायचं, डोकं दुसऱ्या शीटवर, तोंड तिसऱ्या. पात्र बोलायला लागलं की तोंडाचीच शीट बदलायची. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो माहीत आहे? डोक्याचा आणि धडाचा सांधा त्या कॉलरखाली झाकला जातो.

केबलवर हे सगळं डोळ्यांसमोरून निघून जायचं. डीव्हीडीचा खरा फायदा इथं आहे. रिमोटवरचं स्लो किंवा स्टेपचं बटण दाबा आणि कुटुंबातला बाप जॉर्ज जेट्सन त्याच्या बॉसशी, स्पेसली साहेबांशी, बोलत असेल तिथं एकेक चौकट पुढे सरकवा. खांदे दगडासारखे स्थिर, हात स्थिर, डोळे एकदा मिटून उघडतात, आणि तोंडाचे ठरावीक आकार आलटून पालटून येतात. शाळेत असताना मी सातवीच्या मुलांना हे दाखवत असे. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, ह्यो नुसता तोंडच हलयता!” त्या मुलानं पुढे तासभर मान वर केली नाही, वहीत तोंडंच काढत बसला.

आता मला या मालिकेत सगळ्यात जास्त आवडते ती गोष्ट. चित्रकाराला सगळ्यात महाग पडतं ते चालणं. पावलं टाकणारा माणूस पटेल असा काढायचा तर गुडघा, घोटा, कंबर, खांदा, सगळं दर चित्रात बदलतं. जेट्सन कुटुंबाच्या जगात माणसं चालतातच किती? सुरुवातीच्या गाण्यात बघा. जॉर्ज उडत्या गाडीतून मुलगा एल्रॉय, मुलगी ज्यूडी आणि बायको जेन यांना वाटेत सोडतो, ऑफिसात गाडीची घडी होऊन ब्रीफकेस बनते, आणि सरकता पट्टा त्याला टेबलापर्यंत पोचवतो. पट्ट्यावर उभा माणूस एकदा काढला की झालं. मागचं चित्र सरकवत राहायचं, माणूस पुढे चाललेला दिसतो. उडत्या गाडीत तर काचेच्या घुमटातलं अर्धं शरीरच दिसतं. सरकते पट्टे, नळ्या, उडत्या गाड्या या भविष्याच्या कल्पना होत्याच, पण त्याच वस्तूंनी चित्रकारांचे हातही वाचवले. पैशाची अडचण त्यांनी अशी काही कथेत मुरवली की साठ वर्षं लोक तिला भविष्य म्हणून बघत आले. माझ्या लेखी ही फार मोठी कारागिरी आहे.

शेवटच्या श्रेयनामावलीत जॉर्ज अ‍ॅस्ट्रो या कुत्र्याला फिरवायला नेतो आणि सरकत्या पट्ट्यावर अडकून पळत सुटतो. तिथं पाय भरपूर हलतात, पण नीट बघा, मोजकीच चित्रं पुन्हा पुन्हा फिरवली आहेत. नातवाला ती कुठून पुन्हा सुरू होतात ते शोधायला लावा.

उरलेली सगळी भिस्त आवाजांवर. जॉर्जचा आवाज जॉर्ज ओ’हॅनलन यांचा, स्पेसली साहेबांचा मेल ब्लँक यांचा, एल्रॉयचा डॉज बटलर यांचा, अ‍ॅस्ट्रोचा डॉन मेसिक यांचा. यातल्या बऱ्याच जणांची तालीम रेडिओवर झालेली, म्हणजे चित्राशिवाय माणूस उभा करायची सवय. तुम्ही कुडाळचे, दशावतार बघत मोठे झालात. रंगमंचावर एक बाकडं असतं, तेच सिंहासन आणि तोच डोंगर, आणि तरी राजाचं भाषण सुरू झालं की पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. इथंही तेच आहे. डोळे मिटून एक प्रसंग नुसता ऐका, स्पेसलीच्या ओरडण्यात त्याचं बुटकेपण ऐकू येतं.

नातू कंटाळला तर सक्ती करू नका. एका बसणीला एकच भाग. नंतर दोघं मिळून जुन्या वहीच्या कोपऱ्यात पानापानावर एक चेहरा काढा, डोकं तसंच ठेवा, फक्त तोंड बदला आणि पानं भरभर सोडा. स्वतः काढल्यावर तो पुढचा भाग वेगळ्या डोळ्यांनी बघेल.

प्रश्न : पोटमाळ्यावर पत्र्याच्या पेटीत जुन्या व्हिडिओ कॅसेट सापडल्या. भावानं केबलवरून कार्टून रेकॉर्ड केलेली आहेत. कॅसेटच्या खिडकीतून आत पाहिलं तर टेपवर पांढरट बुरशी दिसते. व्हीसीआर चालू आहे. लावून बघू का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : नका लावू. कृपा करून नका लावू. बुरशीचे कण व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या हेडवर बसतात, चित्र जातं, आणि त्यानंतर त्यात घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला ते लागतात. टेप चिकटलेली असेल तर ती तुटतेही. फुनाई या जपानी कंपनीनं 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. बाजारात उरलेली ती शेवटची कंपनी. त्यामुळे चालू व्हीसीआर जपायला हवा.

हवेतली आर्द्रता बराच काळ शेकडा 65 च्या वर राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या कितीतरी वर असते. बुरशी लागलेल्या कॅसेट आधी वेगळ्या करा, एकेक पिशवीत बंद करा, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. उन्हात ठेवू नका, टेप आणि खोकं दोन्ही वाकतात. नंतर मुंबई-पुण्यात कॅसेट साफ करून डिजिटल करून देणाऱ्याकडे द्या, पण देण्याआधी विचारा की बुरशीच्या कॅसेटसाठी त्यांच्याकडे वेगळं मशीन आहे का. नाही म्हणाले तर तिथं देऊ नका.

बाकीच्या कॅसेट पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, आतली टेप पूर्ण गुंडाळून, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता. आणि एक मनापासून सांगते : मालिका आज डिस्कवर मिळते म्हणून या कॅसेट टाकू नका. मधल्या जाहिराती, निवेदन, भावानं घाईत दाबलेलं रेकॉर्डचं बटण, हे कुठल्याही संचात मिळणार नाही.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. जेट्सन्समधली जेन घरी बसते आणि नवऱ्याच्या पाकिटातून खरेदी करते. हे मुलीला दाखवावं का?
– एक आई, दापोली

उत्तर : दाखवा, आणि शेजारी बसा. मालिका 23 सप्टेंबर 1962 ला एबीसी या अमेरिकन वाहिनीवर सुरू झाली, त्या वाहिनीचा तो पहिला रंगीत कार्यक्रम. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेननं पृथ्वीला प्रदक्षिणा घातल्या होत्या आणि अमेरिकेतल्या सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात स्पेस नीडल हा मनोरा उभा राहिला होता. खांबावर उंच बसवलेली ती तबकडी पाहिली की जेट्सन्सची घरं कुठल्या हवेत सुचली ते कळतं. अंतराळाचा उत्साह त्या लोकांच्या अंगात होता, बायकांच्या आयुष्याचा विचार मात्र त्यांनी केलाच नाही. पाकिटाचा विनोद मला आजही खुपतो. मुलीला विचारा, “तू काढली असतीस तर सुरुवातीच्या गाण्यात जेन गाडीतून कुठं उतरली असती?” उत्तर कागदावर काढायला लावा.

पहिला भाग मात्र चुकवू नका. घरकामाला आलेली रोझी ही जुन्या मॉडेलची, स्वस्तातली रोबो. नवीन, चकचकीत यंत्रांनी भरलेल्या त्या जगात हे कुटुंब तिला ठेवून घेतं, आणि ते का, हे आठ वर्षांच्या मुलीला कोणी समजावून द्यावं लागत नाही.

घ्यायचे असतील तर 1962-63 चे पहिले 24 भाग घ्या. 1985 ते 87 मध्ये आणखी 51 काढले. त्यात ऑर्बिटी नावाचा परग्रहावरचा प्राणी आला, रंग-रेषा बदलल्या. मुलांना ते आवडतील. माझं मन त्यांत रमलं नाही.

प्रश्न : अमेरिकेतली डिस्क आमच्या प्लेअरवर ‘रिजन’ची चूक दाखवते. लॅपटॉपवर लागली, पण टीव्हीला जोडल्यावर सगळे जाडे दिसतात.
– एक वाचक, देवगड

उत्तर : डीव्हीडीसाठी जगाचे सहा विभाग केले आहेत. अमेरिका 1, भारत 5. बऱ्याच प्लेअरमध्ये रिमोटवरून विभागाचं बंधन काढता येतं. तुमच्या मॉडेलची पद्धत दुरुस्तीवाल्याला माहीत असते. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा विभाग मात्र पाचदाच बदलता येतो, नंतर तो कायमचा अडकतो, तेव्हा जपून. जाडेपणाचं कारण साधं आहे. मालिकेचं चित्र 4:3 आकारात, म्हणजे रुंदी 4 तर उंची 3 असं आहे आणि टीव्ही ते रुंद 16:9 मध्ये ताणतो. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 4:3 करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या राहू द्या.