कॅमेऱ्याच्या ग्रिपचे सुटलेले रबर घरी कसे चिकटवावे?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही घणसोलीत राहता, सहा वर्षे वापरातल्या तुमच्या डीएसएलआरचे मागचे, जिथे अंगठा टेकतो ते रबर कडेने सुटून वर आले आहे, आणि घरात असलेला इन्स्टंट ग्लू लावून ते बसवावे का, अशी विचारणा केली आहे. कृपया तो लावू नका. हे काम घरी नक्की होते, पण ते पातळ डबल टेपने (दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने) करावे, आणि त्याआधी रबर नुसते सुटले आहे की फुगले आहे, हे पाहून घ्यावे.

हे पाहायला अवजार लागत नाही. त्या रबरासाठी कॅमेऱ्याच्या अंगावर उथळ खाच असते. सुटलेली कड बोटाने हळूच दाबून त्या खाचेत बसवून पाहा. कड खाचेच्या कडेला नीट टेकली तर केवळ चिकट थर गेला आहे. पण एक बाजू बसवली की दुसरीकडे फुगवटा उठत असेल, तर रबर आकाराने वाढले आहे, आणि अशा रबराला कितीही चांगला गोंद लावला तरी ते आतून रेटत राहून काही दिवसांत पुन्हा सुटते.

रबर फुगते ते मुख्यतः तेलामुळे. त्वचेवरचे तेल आणि सनस्क्रीन ही कारणे सगळीकडचीच, पण आपल्याकडे त्यात डास पळवण्याच्या मलमांची भर पडते. येऊरच्या जंगलात किंवा ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो टिपायला जाणारे आम्ही बहुतेक जण हातांना मलम चोळतो आणि त्याच हातांनी कॅमेरा धरतो. अशा काही मलमांत डीट नावाचे रसायन असते आणि ते रबराला व प्लास्टिकला मऊ करते. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेल्या कॅमेऱ्याचा चिकट थर उष्णतेने ढिला होतो, ते वेगळेच. रबर फुगलेले असेल तर नवा तुकडा घेणेच बरे. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात विचारून पाहा, मात्र कॅमेऱ्याचा मॉडेल क्रमांक अचूक सांगा, कारण जवळच्या मॉडेलचे रबर बहुधा खाचेत बसत नाही.

इन्स्टंट ग्लूला माझा विरोध अनुभवातून आला आहे. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याची पुढची ग्रिप मी तशीच चिकटवली होती. दोन दिवसांनी रबराच्या कडेने आणि व्ह्यूफाइंडरच्या काचेवर पांढुरकी साय धरलेली दिसली, कारण या गोंदाची वाफ आजूबाजूला बसून पांढरी पडते. वाळलेला थर नखासारखा कडक आणि ठिसूळ होतो, तर ग्रिप हातात सतत दबत-वाकत असते, त्यामुळे काही महिन्यांत कड पुन्हा उचलली गेली. पुढे शटरच्या दुरुस्तीसाठी कॅमेरा उघडावा लागला तेव्हा रबराखालच्या स्क्रूपर्यंत पोहोचायला कारागिराला ते रबर तुकड्या-तुकड्यांनी खरवडून काढावे लागले. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सीलंटही नको, त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटते आणि धातूला गंज चढतो.

कामाला बसताना बॅटरी आणि कार्ड काढून ठेवा. सुटलेल्या कोपऱ्यावर हेअर ड्रायरची मंद गरम हवा वीतभर अंतरावरून वीस-तीस सेकंद द्या आणि लाकडी टूथपिक खाली सरकवत रबर जवळजवळ आडवे ठेवून हळूहळू सोडवा. सरळ वर ओढलेले रबर ताणते, आणि ताणलेले रबर फुगलेल्याइतकेच निरुपयोगी ठरते. खाली स्क्रू दिसले तर त्यांना हात लावू नका, कारण फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, बॅटरी काढल्यावरही सुमारे 300 व्होल्टचा दाब शिल्लक असू शकतो.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि बहुतेकांचे काम बिघडते ते इथेच. जुन्या टेपचा काळपट, चिवट थर रबराच्या पाठीवर आणि खाचेत दोन्हीकडे उरलेला असतो. आधी तो कोरड्या अंगठ्यानेच चोळा. त्याच्या मळाच्या वळ्यांसारख्या बारीक वळ्या होतात आणि बराचसा थर तसाच निघतो. उरलेला थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिळलेल्या इअरबडने पुसा. बड ठिबकता कामा नये, कारण शेजारीच बटणांच्या फटी असतात. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यांनी कॅमेऱ्याचे प्लास्टिक आणि रंग खराब होतो. हँड सॅनिटायझरही चालत नाही, कारण त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि ते मागे राहून टेपला धरू देत नाही. बोट फिरवल्यावर कुठेही चिकटपणा लागत नाही इतके साफ झाल्यावर अर्धा तास पंख्याखाली वाळू द्या. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मी हे काम एसी लावलेल्या खोलीतच करतो.

टेप पातळ हवी, 0.1 ते 0.2 मिलिमीटर जाडीची. भिंतीवर हुक लावण्याची फोमची टेप वापरली तर रबर खाचेतून वर येते. ठाणे आणि वाशी स्टेशनांच्या आसपासची मोबाइल दुरुस्तीची दुकाने स्क्रीन बसवायला लाल आवरणाची जी टेप वापरतात, ती योग्य. तिच्या पट्ट्या रबराच्या पाठीवर शेजारी-शेजारी लावा, एकमेकींवर चढू देऊ नका, आणि कडा अगदी टोकापर्यंत भरा, कारण रबर उचलले जायला सुरुवात कडेपासूनच होते. बाहेर आलेली टेप धारदार कात्रीने छाटा. मग आवरण काढून आधी सर्वांत सरळ कड खाचेला भिडवा आणि तिथून अंगठ्याने दाबत पुढे जा. वरून घडी घातलेले सुती कापड ठेवून रबरबँडने रात्रभर बांधून ठेवा. टेपची पूर्ण पकड यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर कॅमेरा बाहेर नेऊ नका.

एक गोष्ट तुमच्या कॅमेऱ्यावर आधीच पाहून घ्या. काही मॉडेलांत अंगठ्याचे रबर मेमरी कार्डाच्या झाकणाला लागून संपते आणि झाकणावर दुसरा, स्वतंत्र तुकडा असतो. तुमच्याकडे तसे असेल तर टेपची कड फटीच्या किंचित अलीकडेच थांबवा, नाहीतर बाहेर आलेला चिकट भाग झाकणाला धरून ठेवेल आणि ते उघडताना नुकतेच बसवलेले रबर पुन्हा सुटेल.