उभ्या पिकात तास बदललं

प्रश्न असा आहे: मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचा २०२४-२५ चा मोसम एवढा वाया का गेला, आणि युरोपा लीगची (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या नंबरची स्पर्धा) फायनल जिंकली असती तर तो वाचला असता का?

आधी आकडे. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या डिव्हिजनमध्ये, ३८ सामने, ११ विजय, ९ बरोबरी, १८ पराभव, ४२ गुण, १५ वा नंबर. १९७३-७४ मध्ये ही टीम खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलली गेली होती, त्यानंतर इतकी खाली कधी आली नव्हती. अठरा वेळा हरल्यावर नशिबाचं नाव काढू नये, असं माझं मत.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातला. कापूस, तूर आणि मागाहून हरभरा. युनायटेडचं खूळ पुसदला हॉस्टेलवर असताना लागलं. २१ मे २००८, मॉस्कोची चॅम्पियन्स लीग फायनल, धो धो पावसात पेनल्टी मारताना चेल्सीचा टेरी घसरला, आमचा गोलकीपर व्हॅन डर सारनं अनेल्काची पेनल्टी अडवली आणि आम्ही दहा-बारा पोट्टे पहाटे तीनला मेसच्या टीव्हीसमोर नाचत होतो. शिक्षण संपलं, नोकरी काही धड लागली नाही, गावी आलो. खूळ सोबत आलं.

आता मुद्द्याचं. माझ्या मते हा मोसम ऑगस्टमध्ये सुरू झाल्यावर नाही, त्याच्या आधीच बिघडला. २०२३-२४ मध्ये टीम आठवी आली होती. प्रशिक्षक एरिक टेन हाग जाणार हे जवळपास धरलेलंच होतं, क्लबनं दुसरे प्रशिक्षक चाचपूनही पाहिले. पण २५ मे २०२४ ला एफए कपच्या (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) फायनलमध्ये मँचेस्टर सिटीला २-१ नं हरवलं आणि सगळ्यांची मती फिरली. जुलैमध्ये त्याच टेन हागचा करार २०२६ पर्यंत वाढवला. त्याच्या पद्धतीला साजेसे खेळाडू आणले: डी लिख्त, मझरावी, झर्कझी, उगार्ते. सोबत योरो. आणि एवढं बियाणं भरून झाल्यावर नऊ सामन्यांनी, २८ ऑक्टोबरला, त्याला काढला. तेव्हा टीम १४ वी होती, नऊ सामन्यांत फक्त आठ गोल.

नोव्हेंबरात नवा प्रशिक्षक रुबेन अमोरिम आला. त्यानं उघड सांगितलं होतं की मला मोसम संपल्यावर यायचं होतं, पण आत्ता नाहीतर कधीच नाही असं उत्तर मिळालं. त्याची पद्धत ३-४-३. मागे तीन, दोन्ही बाजूंना अख्खी लाइन वर-खाली धावणारे विंगबॅक, मध्ये दोघंच. युनायटेडकडे होते विंगर, म्हणजे कडेनं फक्त हल्ला करणारे. रॅशफर्डला, अँटनीला या आखणीत हक्काची जागाच उरली नाही. दोघंही मोसमाच्या मध्यातच उधारीवर बाहेर गेले. डावीकडे उजव्या पायाचा दालो. ब्रुनोसारखा गोल करणारा माणूस कितीदा तरी मधल्या दोघांत. डावा विंगबॅक म्हणून दोर्गू आणला तो फेब्रुवारी उजाडताना.

हे मी एकदा जेवताना बाबांना समजावून सांगत होतो. त्यांना फुटबॉलमधलं शून्य कळतं. ते म्हणाले, "पऱ्हाटी कमरेले लागल्यावर तास बदलवते काय बे कोनी?" पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, तास म्हणजे पेरणीची ओळ. बस. दुबार पेरणी करावी लागली तर आपण निदान बियाणं तरी नवं आणतो, यांनी उभ्या पिकात तास बदललं. अमोरिमच्या हाताखाली लीगचे २७ सामने झाले आणि गुण मिळाले २७. (मधल्या दोन सामन्यांत व्हॅन निस्टलरॉयनं तात्पुरतं सांभाळलं, त्याचे चार. गमतीचीच गोष्ट.)

३० डिसेंबरचा न्यूकॅसलविरुद्धचा सामना आठवतो. आपल्याकडे रात्री दीडला सुरू. कृषीपंपाची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून हरभऱ्यात मोटर लावून बसलो होतो. आमच्या वावरात एकाच धुऱ्यावर रेंज येते. स्प्रिंकलरचे पाइप बदलून परत येईस्तोवर ०-२ झालं होतं, अजून वीस मिनिटंही झाली नव्हती. तेहतिसाव्या मिनिटाला झर्कझीला बाहेर काढला तर आपल्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. थंडी अशी की बोटं मोबाइलवर चालेनात. तरी पाहिला पूर्ण.

आता फायनलचं. युरोपात ही टीम वेगळीच खेळली, हे मान्य करावं लागेल. फायनलपर्यंत एकही सामना हरली नाही. लियाँविरुद्धचा १७ एप्रिलचा सामना तर असा की आधी २-० नं पुढे, मग जादा वेळेत २-४ नं मागे, आणि ११४ व्या मिनिटापासून तीन गोल. शेवटचा आमचा बचावपटू मॅग्वायरच्या डोक्यानं. अंगणात खाटेवर पडून पाहत होतो, असा ओरडलो की बाबा काठी घेऊन उठले.

"डुकरं घुसले काय?"

"नाही, मॅग्वायरनं गोल केला."

"थो कोन होय?"

आणि मग पुन्हा २१ मे. सतरा वर्षांनी तीच तारीख, यावेळी बिल्बाओ. समोर इंग्लंडचाच क्लब टॉटनहॅम, जे स्वतः लीगमध्ये १७ वे आले! त्याच टॉटनहॅमनं त्या मोसमात आम्हाला चार वेळा हरवलं: दोनदा लीगमध्ये, एकदा लीग कपात, एकदा इथे. त्यांच्या ब्रेनन जॉन्सनचा ४२ व्या मिनिटाचा गोल, तोही आमच्या ल्यूक शॉला लागून गेलेला. त्यांच्या व्हॅन डी व्हेननं आमचा स्ट्रायकर होयलुंडचा हेडर गोलरेषेवरून उलटी उडी मारत बाहेर काढला. १-०. नशिबाचा भाग विचारता, तर तो एवढाच.

जिंकलो असतो तर मोसम वाचला असता का? युरोपा लीग जिंकणाऱ्याला पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळते, तिथला पैसा आला असता, नाही असं नाही. हरल्यामुळे २०१४-१५ नंतर पहिल्यांदाच युरोपातली कुठलीच स्पर्धा नशिबी नव्हती. पण वाईट मोसमावर फायनलचं पांघरूण घातलं की काय होतं ते २०२४ मध्ये पाहिलंच होतं. टेन हागला त्या कपानंच ठेवून घेतलं. टॉटनहॅमवाल्यांनी यातून शिकून घेतलं म्हणायचं. कप हातात असूनही प्रशिक्षक पोस्टेकोग्लूला सोळा दिवसांत काढलं. ते बरोबर की निर्दय, यावर मी अजून स्वतःशीच भांडतो.

एक शेवटचं, जे मला पराभवापेक्षा जास्त लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये युनायटेडनं स्कॉट मॅकटॉमिने इटलीतल्या नापोली क्लबला विकला. लहानपणापासून क्लबच्याच अकादमीत वाढलेला पोरगा. घरचा खेळाडू विकला की अख्खी रक्कम हिशेबात नफा म्हणून दाखवता येते, खर्चाच्या मर्यादेचे नियम तसे आहेत. म्हणजे घरचं बियाणं विकून बाजारातून पिशव्या आणल्या. बिल्बाओनंतर दोनच दिवसांनी नापोली इटलीची लीग जिंकली. त्या सामन्यातला पहिला गोल मॅकटॉमिनेचा, हवेत आडवं होऊन मारलेला. लीगमधला त्याचा बारावा. मोसमातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. होयलुंडचे आमच्याकडे लीगमध्ये चारच गोल होते.

तो गोल मी सकाळी सोसायटीच्या ओट्यावर बसून पाहिला, आवाज बंद करून.